स्वस्त दिवा, महाग उजेड

तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडावेत, ही आपल्याकडची जुनी रीत. देवापुढच्या समईला जो नमस्कार, तोच छताला टांगलेल्या विजेच्या गोळ्यालाही, हे खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्यांच्या वागण्यात आजही दिसते. बटण दाबले, उजेड पडला, की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. शंभराहून अधिक वर्षे जगाच्या रात्री उजळणारा हा तारेचा पिवळा बल्ब आता मात्र आपला निरोप घेत आहे. किराणा दुकानाच्या फळीवर तो क्वचित दिसतो. त्याची जागा पांढऱ्या एल.ई.डी. दिव्याने घेतली आहे.

हा बदल इतक्या निमूटपणे झाला की आपण त्याची फारशी चर्चाही केली नाही. वस्तुतः त्यात विज्ञान आहे, अर्थशास्त्र आहे, राजकारण आहे आणि गरिबाच्या संसाराचा हिशेबही आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. पण अर्थशास्त्राच्या तासाला ‘किंमत’ या शब्दाचा अर्थ शिकताना मला राहून राहून या बल्बची आठवण होई. वस्तूची खरी किंमत दुकानात कळते, की ती वापरताना? या एका प्रश्नाच्या उजेडात बल्बची कहाणी पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

तापलेली तार

लोहाराच्या भट्टीत लोखंड घातले म्हणजे ते आधी लालबुंद होते, मग नारिंगी, आणि आच वाढली की पिवळसर दिसू लागते. बल्बचे सारे विज्ञान एवढेच आहे. धातूच्या बारीक तारेतून वीज सोडायची, तार तापू द्यायची आणि ती तापून प्रकाशली की तो प्रकाश वापरायचा. उघड्या हवेत अशी तार क्षणात जळून जाईल, म्हणून तिला काचेच्या गोळ्यात कोंडायचे आणि आतील हवा काढून टाकायची. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी सन १८७९ च्या सुमारास असे वापरण्याजोगे दिवे करून दाखवले. त्यांत तार नव्हती, कोळसा केलेला धागा होता. पुढे विल्यम कूलिज यांनी टंगस्टन या अतिशय कठीण धातूची लवचिक तार काढण्याची युक्ती शोधली, आणि १९१३ मध्ये आयर्विंग लँगमूर यांनी गोळ्यात निष्क्रिय वायू भरून तारेची झीज कमी केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे बल्बच्या मूळ रचनेत फारसा फरक पडला नाही.

या रचनेतच त्याचा दोष दडलेला आहे. बल्बची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एवढ्या तापमानाला बाहेर पडणारी बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपात असते. शंभर भाग वीज घातली तर जेमतेम पाच ते दहा भाग उजेड मिळतो, बाकीची ऊब होते. म्हणजे आपण ज्याला दिवा म्हणत होतो ती खरे तर एक लहानशी शेगडी होती, आणि तिच्यातून थोडा उजेड सांडत होता, इतकेच! कोंबडीची पिल्ले थंडीत गारठू नयेत म्हणून खुराड्यात बल्ब लावून ठेवतात, ते याच गुणामुळे. तिथे तो अजूनही कामाचा आहे.

बल्ब लवकर उडतो, ही तक्रार जुनीच. तार तुटली की बल्ब हळूच हलवून, टिचकी मारून तुटलेली टोके पुन्हा चिकटवण्याचा खटाटोप आपल्यापैकी अनेकांच्या घरी झालेला असेल. या अल्प आयुष्यामागे एक इतिहास आहे. सन १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे जगातील मोठ्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा एक संघ केला. त्यांनी बाजारपेठा आपसांत वाटून घेतल्या आणि घरगुती बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणले. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! यात नफ्याचा डाव होता हे उघड आहे. पण एक तांत्रिक बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तार कमी तापवली तर बल्ब जास्त टिकतो, पण त्याच विजेत उजेड फार कमी देतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे. लोक तो कौतुकाने पाहायला जातात. मात्र त्याच्या मिणमिणत्या उजेडात पुस्तक वाचता येणार नाही.

न तापता उजेड

तापवल्याशिवाय उजेड मिळेल का, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ट्यूबलाइट आणि तिचेच वळवलेले छोटे रूप असलेला सी.एफ.एल. दिवा. त्यात पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, त्यामुळे अदृश्य अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतील पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा उजेड होतो. हा दिवा बल्बच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी वीज घेतो. पण त्यात पारा असतो, आणि पारा हे विष आहे.

दुसरे उत्तर एल.ई.डी. या दिव्यात तार नाही, वायूही नाही. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन अधिक, तर दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागा अधिक. वीज सोडली की इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागांत पडतात आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती प्रकाश होऊन बाहेर येते. उंचावरून दगड पाण्यात पडला की तुषार उडतात, तसेच काहीसे. जितकी ‘उडी’ मोठी तितका प्रकाश निळ्या रंगाकडे झुकतो. लाल रंगाची उडी लहान, म्हणून लाल एल.ई.डी. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच तयार केला. रेडिओवर, यंत्रांवर लुकलुकणारे लाल ठिपके ते हेच. निळ्याची उडी साधायला मात्र तीस वर्षे गेली. पांढरा उजेड करायचा तर निळा हवाच. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामूरा या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने काम करून १९९० च्या दशकाच्या आरंभी तेजस्वी निळा एल.ई.डी. साध्य केला. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या रंगाची भुकटी बसवली की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. या कार्यासाठी २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले.

आपल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने एल.ई.डी.चा आणखी एक गुण मोलाचा आहे. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की तारेचा बल्ब तांबडा व्हायचा, हे खेड्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिले आहे. याचे कारण असे की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तरी बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. नेमकी अभ्यासाची वेळ आणि नेमका तेव्हाच दिवा मलूल! चांगल्या एल.ई.डी. दिव्यात वीज नियंत्रित करणारे छोटे सर्किट असते. व्होल्टेज बरेच खाली-वर झाले तरी त्याचा उजेड हलत नाही.

चार आण्याची कोंबडी

आता हिशेब पाहू. साठ वॅटचा बल्ब साधारण सातशे ल्यूमेन उजेड देतो. (ल्यूमेन हे उजेड मोजण्याचे माप आहे. वॅट हे खाल्लेल्या विजेचे माप आहे, उजेडाचे नव्हे.) तेवढा किंवा थोडा अधिकच उजेड नऊ वॅटचा एल.ई.डी. देतो. विजेचा दर युनिटला सहा रुपये धरू. साठ वॅटचा बल्ब आपल्या हजार तासांच्या आयुष्यात साठ युनिट वीज खातो, म्हणजे तीनशे साठ रुपये. बल्बची स्वतःची किंमत दहा-पंधरा रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. इथे तर मसाला बारा आण्यांच्याही किती पुढे गेला आहे! तेवढ्याच हजार तासांत एल.ई.डी. नऊ युनिट वीज घेतो, म्हणजे चौपन्न रुपये. रोज पाच तास दिवा लावला तर वर्षाला एका दिव्यामागे सुमारे त्र्याण्णव युनिट वीज, म्हणजे साडेपाचशेहून अधिक रुपये वाचतात.

‘झिरोचा बल्ब’ हा असाच एक भ्रम. रात्रभर जळणारा तो छोटा रंगीत दिवा शून्य वीज खातो अशी कित्येकांची समजूत होती. प्रत्यक्षात तो साधारण पंधरा वॅटचा असे. नाव शून्य आणि खर्च दीड एल.ई.डी. दिव्यांएवढा!

हिशेब इतका स्वच्छ आहे, तर मग लोक इतकी वर्षे तारेचाच बल्ब का घेत राहिले? ते अडाणी होते म्हणून? आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. हा लेख लिहिताना वरचे आकडे मी आईला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पिवळा बल्ब बिल वाढवतो हे तेव्हाही कळत होतं गं. पण दुकानदार म्हणायचा, हा दहाचा आणि तो दीडशेचा. घरात त्या दिवशी पन्नास रुपये असायचे. त्यात बल्बही आणायचा आणि तेलही.”

आईच्या या दोन वाक्यांत जे आहे ते माझ्या वहीतील व्याख्यांत नव्हते. बचत वर्षभरात होते, पण पैसे मात्र आज लागतात. ज्याच्याजवळ आज दीडशे रुपये आहेत तो वर्षाअखेर पाचशे वाचवतो. ज्याच्याजवळ ते नाहीत तो दहा रुपयांत बल्ब आणतो आणि महिन्याच्या महिन्याला बिलातून दंड भरतो. गरिबी माणसाला स्वस्त वस्तू घ्यायला लावते आणि ती स्वस्त वस्तूच त्याला महाग पडते. म्हणून तारेचा बल्ब हटवणे हा नुसता विज्ञानाचा प्रश्न नव्हता. पहिले पैसे कोणी भरायचे, हा खरा प्रश्न होता.

बंदीचा मार्ग

निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. क्यूबात २००५-०६ च्या सुमारास वीजटंचाईने कळस गाठला होता. तेथील सरकारने तरुण समाजसेवक आणि विद्यार्थी यांना घरोघरी पाठवले. त्यांनी जुना बल्ब काढायचा आणि सी.एफ.एल. फुकट लावून द्यायचा. सुमारे सहा महिन्यांत नव्वद लाखांच्या आसपास बल्ब असे बदलले गेले. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये तारेचे बल्ब बंद करण्याची घोषणा केली. युरोपीय संघाने टप्पे आखले : सप्टेंबर २००९ मध्ये शंभर वॅटचे बल्ब, मग दरवर्षी त्याखालचे, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये चाळीस व पंचवीस वॅटचेही बंद.

लोकांना हे सहजासहजी रुचले नाही. आमच्या घरात कोणता दिवा लावायचा हे सरकारने का ठरवावे, असा सवाल झाला. जर्मनीत बंदीपूर्वी लोकांनी बल्बचे साठे करून ठेवले. तेथील एका अभियंत्याने तर २०१० मध्ये हेच बल्ब ‘उष्णतेचा गोळा’ या नावाने विकायला काढले. हा दिवा नसून खोली गरम करण्याचे साधन आहे, उजेड पडतो तो नाइलाज, असा त्याचा युक्तिवाद होता! थट्टेत सांगितलेले ते विज्ञान अगदी खरे होते. अमेरिकेत २००७ मध्ये कायदा झाला, पण राजकीय ओढाताणीत त्याची अंमलबजावणी रखडली. साध्या तारेच्या बल्बची विक्री तेथे खऱ्या अर्थाने थांबली ती ऑगस्ट २०२३ मध्ये.

किमतीचा मार्ग

आपल्या देशाने देशव्यापी बंदी घातली नाही. येथे मार्ग काढला गेला तो किमतीचा. आधी २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ आली. जुन्या बल्बच्या बदल्यात पंधरा रुपयांत सी.एफ.एल. द्यायचा आणि उरलेला खर्च कार्बन वायू कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोबदल्यातून भरून काढायचा, अशी तिची कल्पना होती. खरी उलथापालथ झाली ती ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या एल.ई.डी. वाटपाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने. हीच पुढे ‘उजाला’ योजना म्हणून ओळखली गेली.

तिची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने लाखो-कोटी दिव्यांची मागणी एकत्र केली आणि कारखानदारांकडून निविदा मागवल्या. घाऊक मागणी आणि स्पर्धा यांमुळे भाव कोसळले. २०१४ च्या आरंभी ज्या दिव्याचा खरेदीभाव सुमारे ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. इतकेच नव्हे, तर काही राज्यांत ग्राहकाने सुरुवातीला दहा रुपये द्यायचे आणि उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडायची, अशी सोय झाली. म्हणजे जी बचत उद्या होणार तीतूनच आजचा दिवा विकत घ्यायचा! आईने सांगितलेल्या अडचणीवर हे नेमके औषध होते. या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पुढे मार्च २०२१ मध्ये ‘ग्राम उजाला’ आली. चालू स्थितीतील जुना बल्ब आणून द्या आणि दहा रुपयांत एल.ई.डी. घेऊन जा, अशी ती योजना. पहिल्या टप्प्यात बिहारमधील आरा, वाराणसी, विजयवाडा, पश्चिम गुजरात यांच्याबरोबर आपल्या नागपूरचाही समावेश होता.

आणखी एक साधी गोष्ट या यशामागे आहे. नवा दिवा जुन्याच होल्डरमध्ये बसतो. वायरिंग बदलावे लागले नाही, वायरमनला बोलवावे लागले नाही. खुर्चीवर चढून जुना काढला आणि नवा बसवला, काम झाले. सुधारणा लोकांच्या घरात शिरायची असेल तर तिने घराच्या मापाचे व्हावे लागते.

दिव्याखालचा अंधार

असे असले तरी दिव्याखाली अंधार असतोच. सी.एफ.एल. आणि ट्यूब यांतील पाऱ्याचे काय? फुटलेल्या ट्यूबा उकिरड्यावर पडतात आणि काचपत्रा वेचणाऱ्या बायाबापड्यांच्या हाती लागतात. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा जो मिनामाता आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातील सदस्य देशांनी २०२३ मध्ये ट्यूबलाइटचे उत्पादन २०२७ अखेर थांबवण्याचे ठरवले. म्हणजे ज्या सी.एफ.एल.ला आपण कालपर्यंत नवा म्हणत होतो, तोही जुन्या बल्बच्या मागोमाग निघाला आहे. एल.ई.डी.त पारा नसला तरी सर्किट आहे, प्लास्टिक आहे. पंचवीस हजार तास टिकेल असे खोक्यावर छापलेले असते, पण हलक्या मालाचे आतील सर्किट उष्णतेने लवकर जाते. आठवडी बाजारात बंद पडलेले एल.ई.डी. दुरुस्त करून देणारे कारागीर बसतात. अशा दुरुस्तीने दिव्याचे आयुष्य तर वाढतेच, शिवाय कचराही कमी होतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशावरील आपल्या ग्रंथात दाखवले की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो. उजेडाचे तसेच होत आहे. जिथे एक बल्ब होता तिथे चार एल.ई.डी. लागतात. लग्नाच्या मांडवापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सारे रात्रभर झगमगते. जिथे एका खोलीत एकच मिणमिणता दिवा होता तिथे दुसरा लागला, तर ते चांगलेच झाले. त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण रिकाम्या जागेवर रात्रभर जळणाऱ्या दिव्याची गोष्ट वेगळी. अतिप्रकाशाने काजव्यांसारखे कीटक आपला जोडीदार शोधू शकत नाहीत, आकाशातील तारे दिसेनासे होतात. या बाबतीत आपल्याच राज्याने एक धडा घालून दिला आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे उद्यान, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिवा कुठे हवा याबरोबरच तो कुठे नको, हेही तेथे पाहिले गेले.

पुढचा प्रश्न डोक्यावर

बल्बचा प्रश्न आता बराचसा सुटला आहे. पण मित्रहो, हा लेख वाचताना जरा मान वर करून पाहा. आपल्या वर्गात, वसतिगृहात, घरात छताला जो पंखा फिरतो आहे त्याचीही कहाणी अगदी हीच आहे. साधा पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट वीज घेतो. नव्या रचनेचा बी.एल.डी.सी. पंखा तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतो. मात्र दुकानात तो साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळतो. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो तो घेईल आणि उन्हाळाभर बचत करील. ज्याच्याजवळ नाहीत तो स्वस्त पंखा घेईल आणि दर महिन्याला बिलातून त्याची किंमत पुन्हा पुन्हा भरत राहील.

‘वीज वाचवा’ अशी पाटी लावणे सोपे आहे. ती पाटी वाचणाऱ्याच्या खिशात आज किती पैसे आहेत, हे विचारणे अवघड. बल्बच्या बाबतीत तो अवघड प्रश्न विचारला गेला, म्हणून उत्तर सापडले. उपदेशाने जे साधले नसते ते दहा रुपयांच्या हप्त्याने साधले. पंख्याच्या बाबतीत, शेतीपंपाच्या बाबतीत आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक ‘बचतीच्या’ वस्तूच्या बाबतीत आपण सुशिक्षितांनी हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे : पहिले पैसे कोणी भरायचे?